पान पाहावं की देठ? मनी प्लांटविषयी वाचकांचे प्रश्न

मनी प्लांट आणि त्याच्यासारख्या हृदयाकृती पानांच्या वेलींविषयी आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. काही प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे आहेत, काही घरी कुंड्या ठेवणाऱ्यांचे. बहुतेकांनी पानाचा आकार आणि रंग सांगून नाव विचारलं आहे. या कुलात तीच सर्वांत कच्ची खूण, म्हणून उत्तरांत देठाचा उल्लेख वारंवार येईल.

प्रश्न : एकाच वेलीला कुणी ‘पॉथॉस’ म्हणतं, जुन्या पुस्तकात ‘सिंडॅप्सस’ सापडतं आणि नव्या यादीत ‘एपिप्रेम्नम’. यातलं बरोबर कोणतं? आणि नाव इतक्या वेळा का बदललं?

आजचं मान्य नाव एपिप्रेम्नम ऑरियम. ही सुरण-अळूच्या कुलातली, म्हणजे अ‍ॅरेसी कुलातली वेल. गण अ‍ॅलिस्मॅटेलीस, उपकुल मॉन्स्टेरॉइडी. मॉन्स्टेरा आणि राफिडोफोरा हे तिचे जवळचे नातेवाईक. मूळ ठिकाण फ्रेंच पॉलिनेशियातलं मोओरेआ बेट. बाकी उष्ण प्रदेशांत ती माणसाने नेली आणि बऱ्याच ठिकाणी रानात शिरून डोकेदुखी होऊन बसली.

1880 साली तिचं पहिलं वर्णन झालं ते पॉथॉस ऑरियस या नावाने. 1908 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ एंग्लर यांनी तिला सिंडॅप्ससमध्ये हलवलं. ही दोन्ही नावं देताना हाताशी मुख्यतः पानं आणि खोड होतं. या कुलात वंश ठरतो तो फुलाच्या आतल्या रचनेवर, आणि ही वेल फुलतच नाही म्हटलं तरी चालेल. 1962 मध्ये फूल पाहायला मिळालं तेव्हा तिला आधी राफिडोफोरामध्ये टाकलं गेलं, आणि 1964 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ बंटिंग यांनी एपिप्रेम्नममध्ये आणलं. नंतर काही काळ तिला एपिप्रेम्नम पिनॅटम या जातीचाच एक लागवडीतला वाण मानत, त्यामुळे काही लेबलांवर ‘पिनॅटम ऑरियम’ असंही दिसतं. सध्या ती पुन्हा स्वतंत्र जात धरली जाते.

आता ‘पॉथॉस’ हे नाव. बागकामात ते इतकं रुळलं आहे की कुणी वापरलं तर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. पण पॉथॉस नावाचा खराखुरा वंश आजही आहे आणि तो मनी प्लांटपासून बराच लांबचा. पॉथॉस स्कँडेन्सचं पान हातात घ्या. त्याचा देठ चपटा, दोन्ही बाजूंनी पंखासारखा रुंदावलेला असतो, इतका की लिंबाच्या काही जातींच्या पानाची आठवण व्हावी. मनी प्लांटचा देठ तसा कधीच नसतो.

प्रश्न : मनी प्लांट, हृदयाकृती पानाचा फिलोडेंड्रॉन आणि चंदेरी ठिपक्यांचा सिंडॅप्सस, तिन्ही माझ्याकडे आहेत. पानं लहान असताना फरक कळत नाही. फूल न येता ओळख पटवायची खात्रीची खूण आहे का?

फिलोडेंड्रॉन वेगळा काढता येतो, अगदी खात्रीने. उरलेल्या दोघांत थोडं जपून बोलावं लागतं.

पात्याकडे, म्हणजे पानाच्या पसरट भागाकडे, न पाहता देठ वाचायला घ्या. बोट पात्याच्या बुडाशी, देठ पात्याला मिळतो तिथे ठेवा आणि हळूहळू खाली खोडाकडे सरकवा. मनी प्लांटमध्ये पात्याच्या अगदी खाली देठाचा एक छोटा भाग किंचित फुगीर, बऱ्याचदा थोडा वेगळ्या छटेचा लागतो. याला गुडघा म्हणतात. या जागी देठ वाकतो आणि पातं उजेडाकडे वळतं. कुंडी अर्धी फिरवून ठेवली तर काही दिवसांत पानं पुन्हा खिडकीकडे तोंड करतात, त्या वळण्यात मोठा वाटा या गुडघ्याचा. गुडघा संपला की देठाच्या वरच्या अंगाला पन्हळीसारखी खाच सुरू होते. खाचेच्या दोन्ही कडांना पातळ पापुद्रा असतो आणि खाली तो रुंद होत खोडाला वेढतो. ही देठाची खोळ. पुढचं नवं पान गुंडाळी होऊन याच खोळीतून, म्हणजे आधीच्या पानाच्या देठातून बाहेर पडतं. जुन्या पानांवर हा पापुद्रा वाळून तपकिरी होतो, म्हणून पाहणी वरच्या दोन-तीन पानांवर करावी.

फिलोडेंड्रॉन हेडरेसियमचा देठ बराचसा गोल असतो, पन्हळ नसते, फुगीर गुडघाही नसतो. मुख्य म्हणजे नवं पान आधीच्या देठातून येत नाही. ते एका स्वतंत्र, पातळ, टोकदार खवल्यात गुंडाळलेलं असतं. पान उघडलं की खवला सुकून गळतो. वेलीच्या शेंड्याशी असा सुकत आलेला खवला दिसला की प्रश्न मिटला. खवला हाताने सोलून काढू नका. आतलं पान त्या वेळी फार कोवळं असतं आणि ओरखडा त्याच्यावर कायमचा राहतो.

सिंडॅप्सस पिक्टसमध्ये गुडघाही आहे आणि खोळही, म्हणून देठ इथे मदत करत नाही. पान जास्त जाड, मंद पोताचं, वर चंदेरी चट्टे. मनी प्लांटचं पान तुलनेने चकचकीत, चट्टे पिवळे किंवा पांढरट. घरच्या कामाला एवढं पुरतं. वर्गीकरणाच्या दृष्टीने मात्र दोन्ही वंशांमधली भिंत किंजपुटात, म्हणजे फुलातल्या ज्या भागात बिया तयार होतात तिथे, आहे. सिंडॅप्ससच्या किंजपुटात तळाशी एकच बीजक (ज्याची पुढे बी होते ते) असतं, एपिप्रेम्नममध्ये सहसा दोन ते चार, आणि राफिडोफोरात आठ किंवा त्याहून जास्त. बियाही सांगतात: राफिडोफोराची बी सरळ आणि गुळगुळीत, एपिप्रेम्नम व सिंडॅप्ससची वाकलेली, टणक सालीची. नुसत्या पानाच्या फोटोवरून या तिघांत छातीठोक निवाडा देणाऱ्यावर फार विसंबू नये.

प्रश्न : अ‍ॅरेसी कुल एकदल वनस्पतींचं. एकदलांत शिरा समांतर असतात असं शिकलो. मनी प्लांटच्या पानात तर मध्यशीर आणि फांद्या फुटल्यासारख्या शिरा दिसतात. हे कसं?

‘एकदल म्हणजे समांतर शिरा’ हा नियम गवतं, लिली, केळ यांच्यासाठी ठीक आहे. अ‍ॅरेसी कुलात तो मोडतो, सुरण आणि अळूतही मोडतो. पान उजेडासमोर धरून बघा. मध्यशिरेतून निघणाऱ्या मुख्य बाजूच्या शिरा एकमेकींना जवळजवळ समांतर, कमानीसारख्या कडेकडे जातात, आणि त्यांच्या मधल्या जागेतल्या बऱ्याच बारीक शिराही त्याच दिशेने धावतात. याहून बारीक शिरा या सगळ्यांना आडवं जोडून जाळी करतात.

एकदलपणा दुसरीकडे नक्की दिसतो. देठाचा आडवा छेद घेतला तर वाहक वृंद, म्हणजे पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्यांच्या जुड्या, एका वर्तुळात नसून सगळीकडे विखुरलेले सापडतील. प्रत्येक वृंदात प्रकाष्ठ (पाणी वाहणारा भाग) आणि परिकाष्ठ (अन्न वाहणारा भाग) यांच्यामध्ये वाढीचा थर नसतो. म्हणूनच या वेलीचं तयार झालेलं कांडं पुढे झाडाच्या खोडासारखं जाडावत नाही. वर चढताना प्रत्येक नवं कांडंच मागच्यापेक्षा थोडं जाड तयार होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, खाली पानाच्या आकाराच्या प्रश्नात तिचा उपयोग आहे.

प्रश्न : प्रात्यक्षिकासाठी मनी प्लांटच्या पानाचा आडवा छेद घेतला. स्लाइडभर सुयांसारखं काहीतरी पसरलेलं दिसतं आणि पेशी नीट दिसत नाहीत. नंतर बोटांनाही खाज आली. काय चुकलं?

सुया हा दोष नाही, त्या या पानाचाच भाग आहेत. कॅल्शियम ऑक्झॅलेटचे हे सूचिस्फटिक, म्हणजे रॅफाइड. ते खास पेशींत जुडीने भरलेले असतात, एका जुडीत अनेकदा शंभराहून जास्त. ब्लेड पेशी चिरतं तेव्हा जुडी उसवते आणि सुया पाण्यात पसरतात. खाजही त्यांचीच. त्वचेत आणि तोंडातल्या नाजूक अस्तरात त्या रुततात, म्हणून मांजर-कुत्र्याने पान चावलं तर लाळ गळते, तोंड सुजतं. छेद घेताना हातमोजे घाला आणि काम संपेपर्यंत डोळ्यांना हात लावू नका.

छेद स्वच्छ यावा यासाठी पान निवडण्यापासून सुरुवात करू. शेंड्यापासून तिसरं किंवा चौथं पान घ्या. पहिलं फार मऊ असतं आणि चेपतं, खालची जुनी पानं चिवट असतात. मध्यशिरेचा थोडा भाग येईल असा साधारण 5 मिलिमीटर रुंद, 10 मिलिमीटर लांब तुकडा कापा. गाजराच्या तुकड्याला उभी चीर देऊन त्यात तो बसवा. ब्लेड नवं असावं. गाजर, पान आणि ब्लेड तिन्ही ओलं ठेवून, पुढेमागे न करवतता एका दिशेने, स्वतःकडे ओढत काप घ्या. पंधरा-वीस काप घेऊन वाटीतल्या पाण्यात सोडा, आणि त्यातले सर्वांत पातळ, जवळजवळ पारदर्शक दिसणारे तीन-चार ब्रशने उचला. कडेला पाचरीसारखा पातळ झालेला अपुरा कापही चालतो. बऱ्याचदा सर्वांत चांगली जागा त्याच्याच टोकाला असते.

मग हे काप दोन-तीन वेळा पाणी बदलून हलवून धुवा. सुटे रॅफाइड बरेचसे इथेच निघून जातात. तुमच्या स्लाइडवर सगळीकडे सुया दिसल्या त्याचं कारण हीच पायरी राहिली असावी. यानंतर एक टक्का सॅफ्रानिनमध्ये (हा पेशी रंगवणारा लाल रंग) दोन मिनिटं, पुन्हा पाण्यात धुणं, आणि ग्लिसरीनच्या थेंबात आच्छादक काच तिरकी टेकवून हळू सोडणं. काच सपाट टाकली तर हवेचे बुडबुडे अडकतात. काळ्या जाड कडेचं गोल काही दिसलं तर तो बुडबुडाच, पेशी नव्हे.

100 पट मोठेपणावर वरून खाली असं वाचा: वरची बाह्यत्वचा, तिच्यावर चकाकणारा क्यूटिकलचा मेणचट थर, त्याखाली हरितकणांनी भरलेल्या उभ्या पेशींचा स्तंभोतक. हा थर सावलीतल्या पानात आखूड आणि ठेंगणा असतो, त्यामुळे पुस्तकातल्या आकृतीसारख्या लांब पेशी न दिसल्या तर घाबरू नका. त्याखाली सैल, मोठ्या हवेच्या पोकळ्यांचा छिद्रोतक, आणि शेवटी खालची बाह्यत्वचा. रॅफाइडच्या पेशी शेजारच्यांपेक्षा मोठ्या आणि लांबट. जुडी अखंड पाहायची असेल तर काप थोडा जाड ठेवून त्याच्या मधल्या भागात शोधा, कापलेल्या कडेला नको.

स्फटिक ऑक्झॅलेटचेच की कार्बोनेटचे, हे परीक्षेत विचारतात. आच्छादक काचेच्या कडेने सौम्य अ‍ॅसेटिक आम्लाचा थेंब सोडा. ऑक्झॅलेटवर परिणाम होत नाही; कार्बोनेट असतं तर बुडबुडे सोडत विरघळलं असतं. दुसऱ्या कापावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सोडा. ऑक्झॅलेट विरघळतं, पण बुडबुडे येत नाहीत. ध्रुवक (पोलरायझर) पट्ट्या मिळाल्या तर एक स्लाइडखाली, दुसरी नेत्रिकेवर ठेवून फिरवा. दृश्य काळं होतं आणि रॅफाइड लख्ख चमकतात. पिष्टकणही चमकतात, पण त्यांच्यावर काळा फुली-आकार दिसतो आणि आयोडिनने ते निळे होतात.

प्रश्न : पान फाडलं की कडेला कापसासारखे बारीक तंतू लोंबतात. ती बुरशी आहे का?

बुरशी नाही. ते दृढपेशींचे तंतू आहेत, ट्रायकोस्क्लेराइड. जाड भिंतीची एकच पेशी काही मिलिमीटर लांब वाढते आणि हवेच्या पोकळ्यांतून वाट काढत जाते. तिला कधी T तर कधी H या अक्षरासारख्या फांद्या असतात. ब्लेडने कापलं तर ते दिसत नाहीत, कारण तेही कापले जातात. पान दोन्ही हातांनी धरून सावकाश फाडा आणि फाटलेली कड काळ्या कागदावर धरा.

ओळख पटवायला ही झकास खूण आहे. एपिप्रेम्नम, राफिडोफोरा आणि मॉन्स्टेरा यांच्यात हे तंतू विपुल, फिलोडेंड्रॉनमध्ये आणि खऱ्या पॉथॉसमध्ये नाहीत. देठाची खूण सापडली नाही, पान अर्धवट वाळलेलं आहे, नुसता पात्याचा तुकडा हाती आहे, अशा वेळीही ती चालते. मात्र फार कोवळ्या पानात तंतूंच्या भिंती अजून जाड झालेल्या नसतात, तिथे ‘तंतू नाहीत’ हा निष्कर्ष काढू नये.

प्रश्न : नेलपॉलिशचा ठसा घेऊन पर्णरंध्रं मोजायची आहेत. वरच्या बाजूला काहीच सापडत नाही.

वरच्या बाजूला ही रंध्रं, म्हणजे पानाची हवेची सूक्ष्म छिद्रं, अगदी तुरळक असतात किंवा नसतातच. ठसा खालच्या बाजूचा घ्या. आधी पान ओल्या कापसाने पुसून कोरडं करा, कारण धुळीचाही ठसा उमटतो. मध्यशीर आणि कड यांच्या मधोमध, मोठी शीर टाळून, रंगहीन नेलपॉलिशचा एकच पातळ थर द्या. किमान पंधरा मिनिटं वाळू द्या. थर ओला असताना ओढला तर ताणला जातो आणि रंध्रं खरी आहेत त्यापेक्षा लांबट दिसतात. पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचला आणि सरळ स्लाइडवर लावा, पाणी नको.

400 पट मोठेपणावर प्रत्येक रंध्राभोवती दोन मूत्रपिंडाकृती रक्षक पेशी दिसतील. गवतातल्या डंबेलच्या आकाराच्या पेशी इथे शोधू नका. त्यांच्या दोन्ही बाजूंना समांतर साहाय्यक पेशी असतात, आणि बऱ्याचदा दोन टोकांना आणखी दोन.

मोजणीत चूक होते ती क्षेत्रफळात. नेत्रिकेवर 18 हा दृश्यक्षेत्र अंक (फील्ड नंबर) लिहिलेला असेल आणि वस्तुभिंग 40 पटीचं असेल तर दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास 18 भागिले 40, म्हणजे 0.45 मिलिमीटर. क्षेत्रफळ 0.159 चौरस मिलिमीटर. वर्तुळात सरासरी 8 रंध्रं आली तर घनता दर चौरस मिलिमीटरला सुमारे 50. तुमच्या नेत्रिकेवरचा अंक वेगळा असेल तर हा आकडा जसाच्या तसा उचलू नका. वर्तुळाच्या कडेवर अर्धी आलेली रंध्रं डाव्या अर्ध्यात असतील तर मोजा, उजव्या अर्ध्यातली सोडा. किमान दहा जागा मोजल्याशिवाय सरासरी काढू नये.

प्रश्न : झाडावर चढलेल्या मनी प्लांटची पानं हातभर आणि कापलेली, घरातल्याची तळहाताएवढी आणि अखंड. दोन जाती आहेत का?

एकच जात. कोवळ्या अवस्थेतलं पान सहसा 20 सेंटिमीटरच्या आत राहतं. प्रौढ अवस्थेत ते 100 सेंटिमीटर लांब आणि 45 सेंटिमीटर रुंद होऊ शकतं, कडांपासून मध्यशिरेकडे चिरत जातं. वेल 20 मीटरपर्यंत चढते आणि खोड 4 सेंटिमीटर जाड होऊ शकतं.

वयाचा इथे संबंध थोडा, आधाराचा जास्त. वायवी, म्हणजे खोडावर हवेत फुटणारी, मुळं ओलसर, खरबरीत पृष्ठभागात रुतली की प्रत्येक नवं कांडं जाड आणि प्रत्येक नवं पान मोठं होत जातं. टांगलेल्या कुंडीतून खाली लोंबणाऱ्या वेलीत उलटं घडतं: कांडी लांब आणि बारीक, पानं लहान. दहा वर्षांची लोंबती वेल कोवळीच पानं देत राहते. मोठी पानं हवी असतील तर शेवाळाचा खांब लावा, पण तो ओला राहिला पाहिजे. कोरड्या खांबाला वेल नुसती बांधलेली असते, मुळं आत जात नाहीत आणि पानांचा आकार फारसा बदलत नाही. बांधताना दोरी कांड्यावर घ्या, देठावर नको. देठ बांधला की गुडघ्याची हालचाल अपुरी पडते आणि पानं वेडीवाकडी राहतात. खांब संपला आणि वेल पुन्हा खाली वाकली की पानं परत लहान होऊ लागतात.

चिरा वाऱ्याने पडत नाहीत. पान गुंडाळीतून बाहेर येतं तेव्हाच त्या असतात. मॉन्स्टेरा ऑब्लिकावर 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की पान अगदी इवलंसं असताना ठरावीक ठिकाणचे पेशीसमूह ठरवल्याप्रमाणे मरतात आणि पान वाढेल तसं ते भोक मोठं होतं. उघडलेल्या अखंड पानाला नंतर चिरा पडत नाहीत, म्हणून त्याची वाट पाहू नका, पुढच्या पानाकडे बघा.

इथेच एक जादा खूण: प्रौढ पानात मध्यशिरेलगत टाचणीच्या टोकाएवढी पारदर्शक भोकं ओळीने दिसली तर ती वेल एपिप्रेम्नम पिनॅटम असण्याची शक्यता तपासा.

प्रश्न : पिवळे चट्टे नव्या पानांत नाहीसे झाले. सिंडॅप्ससचे चंदेरी ठिपके मात्र टिकून आहेत. असं का?

दोन्ही रंग वेगवेगळ्या कारणांनी येतात. मनी प्लांटच्या पिवळ्या भागात पेशी शाबूत असतात, पण त्यांच्यात क्लोरोफिल नीट तयार होत नाही. तो भाग अन्न बनवण्यात मागे पडतो. उजेड कमी असला की वेलीतली जास्त हिरवी फूट पुढे जाते आणि चट्ट्यांची मागे राहते. उपाय कात्रीचा. खोडावर पिवळी रेघ असलेल्या पेरापर्यंत मागे कापा, म्हणजे नवी फूट त्या पेरातून येईल. पूर्ण हिरव्या कांड्यावरच्या डोळ्याकडून चट्ट्यांची फार अपेक्षा धरू नका. पूर्ण पांढरट फूट कापून वेगळी लावली तर ती जगत नाही, तिला खाऊ घालणारं हिरवं पान नसतं.

सिंडॅप्ससच्या चंदेरी भागात क्लोरोफिल असतं. तिथे वरची बाह्यत्वचा आणि खालचा हिरवा थर यांच्यामध्ये हवेचा पातळ पदर असतो आणि त्यावरून उजेड परततो. छेदात पाहायचं असेल तर काप पाण्यात फार वेळ ठेवू नका. हवेच्या जागी पाणी शिरलं की चंदेरीपणा जातो आणि भाग हिरवा दिसू लागतो.

प्रश्न : सकाळी पानांच्या टोकाला पाण्याचे थेंब असतात. रोग आहे का?

नाही. माती ओली आणि रात्री हवा दमट असली की मुळांच्या दाबाने जादा पाणी टोकाशी असलेल्या जलरंध्रांतून बाहेर पडतं. रोज होत असेल तर पाणी थोडं कमी करा.

प्रश्न : नागवेल आणि मिरवेलीचं पानही असंच हृदयाकृती असतं. त्या मनी प्लांटच्या कुलातल्या नाहीत का?

अजिबात नाहीत. नागवेल आणि मिरवेल पायपर वंशातल्या, कुल पायपरेसी, गण पायपरेलीस. ही मॅग्नोलिड, म्हणजे फुलझाडांची एक वेगळी शाखा. म्हणजे त्या एकदल नाहीत आणि आजच्या वर्गीकरणात खऱ्या द्विदलांतही बसत नाहीत. पानाच्या बुडाशी किंवा बुडाजवळून पाच-सात ठळक शिरा एकदम निघून टोकाकडे वळतात. पान चुरगळलं की तीव्र वास येतो, कारण मध्योतकात, म्हणजे दोन बाह्यत्वचांच्या मधल्या भागात, तैलपेशी असतात. छेदात बाह्यत्वचेखाली रंगहीन पेशींची अधस्त्वचा दिसते, जी मनी प्लांटमध्ये शोधूनही सापडणार नाही. देठाला पात्याखालचा फुगीर गुडघा नाही; उलट खोडाची पेरं फुगलेली असतात. आणि फाडलेल्या कडेला तंतू नाहीत. एवढ्या खुणा असताना पानाच्या आकारावर जायचं कारणच नाही.

प्रश्न : ओळख पक्की करायला फूल लागतं, पण मनी प्लांटला फूल येत नाही. मग नमुना जतन करताना काय काय ठेवावं?

आपोआप फूल आल्याची शेवटची ज्ञात नोंद 1964 ची. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार जिबरेलिन हे वनस्पतीचं संप्रेरक तयार करणाऱ्या एका जनुकाचं काम या वेलीत अडलेलं आहे. बाहेरून जिबरेलिन फवारल्यावर प्रयोगशाळेत तिला फुलं आली. त्यामुळे फुलाची वाट न पाहता पर्णनमुनाच पुरेसा बोलका करावा लागतो.

नुसतं पान दाबून ठेवलं तर तो नमुना जवळजवळ वाया जातो. किमान दोन पेरांचं खोड, त्याला चिकटलेलं अखंड देठाचं पान, गुडघा आणि खोळ दोन्ही दिसतील असं, शेंडा, आणि वायवी मुळांसह एक पेर ठेवा. शक्य असेल तर त्याच वेलीची लहान आणि मोठी अशी दोन्ही अवस्थांतली पानं घ्या, नाहीतर नंतर पाहणारा त्यांना दोन जाती समजेल. मोठं पान दुमडा, पण देठ कापून टाकू नका. मांसल खोड उभं चिरून अर्धं ठेवा, म्हणजे लवकर वाळेल. तुकडा उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून मग दाबला तर पेशी मरतात. तसं न केल्यास या वेली कागदात दाबलेल्या असतानाही काही दिवस जगतात, पानं सांध्यावरून गळतात आणि बुरशी धरते. पहिला आठवडा कागद रोज बदला. वाळल्यावर रंग जातो, म्हणून ताज्या पानाचे चट्टे, चकाकी, खोडावरच्या रेघा आणि वेल किती उंचीवर व कशावर चढली होती हे तेव्हाच टिपून ठेवा. कधी महाछद (फुलोऱ्याला वेढणारं पानासारखं आवरण) आणि स्थूलकणिश (बारीक फुलांचा जाड दांडा) सापडलंच तर ते दाबू नका, 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. किंजपुट कापून बीजकं मोजायची असतील तर ते ओलंच असावं लागतं.